वाळवंट ओलांडणारे नॉर्मन नेर्न

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याचा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहेच. ही चरित्रे बहुधा राजकारणी पुरुषांची, समाजसुधारकांची अथवा विद्वानांची असतात. यंदा आम्ही मुद्दाम एका मोटारवाल्याची निवड केली आहे. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकांनी मोटार वाहतुकीच्या धंद्यात पाय रोवले आहेत, आणि अशी चार मंडळी एकत्र बसली की डिझेलचा भाव व टायरांची झीज यांच्या पाठोपाठ एक विषय हटकून निघतो: गाडी हद्दीबाहेर न्यावी की नेऊ नये? आपल्या मुलखात फिरणारी गाडी थोडे देते, पण खात्रीचे देते. सरहद्दीपलीकडे जाणारी गाडी पुष्कळ देईल असे वाटते. परंतु परवाने, दोहोंकडचे कर, नाक्यावरचा खोळंबा आणि परमुलखातील धास्ती यांतच तो लाभ जिरून जातो, असा अनेकांचा अनुभव आहे. हा प्रश्न ज्यांनी तीस वर्षे स्वतःचे भांडवल घालून सोडवीत ठेवला, अशा गृहस्थांचे नाव नॉर्मन नेर्न.

नॉर्मन व त्यांचे धाकटे बंधू जेराल्ड हे न्यूझीलंड देशाचे. दोघांचाही जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा दोघेही ऐन तारुण्यात होते, आणि त्या पिढीच्या हजारो तरुणांप्रमाणे तेही युद्धात ओढले गेले. त्यांच्या वाट्याला पॅलेस्टाईनची रणभूमी आली. वाळू, उष्मा व पाण्याचे दुर्भिक्ष यांच्याशी झगडत मोटारी चालत्या कशा ठेवाव्या, याचे शिक्षण त्यांना तेथे फुकट मिळाले. युद्ध संपले तेव्हा त्यांनी घरची बोट धरली नाही. १९१९ च्या सुमारास ते बैरूत येथे राहिले आणि मोटारी विकण्याचा धंदा करू लागले.

दुकान काही चालले नाही. मोटार विकत घेण्याची ऐपत असलेले लोक त्या शहरात थोडे होते, आणि जे होते त्यांना ती चालवावी कोठे हा प्रश्न होता. विकावयास आणलेल्या गाड्या अंगावर पडल्या. अशा वेळी सामान्य व्यापारी मिळेल त्या भावाने माल फुंकून मोकळा होतो. नेर्न बंधूंनी त्याच गाड्या भाड्याने फिरविण्याचे ठरविले, व बैरूत ते हैफा हा किनाऱ्यालगतचा मार्ग निवडला. घोडागाडीने या प्रवासास तीन दिवस लागत. मोटार तो एका दिवसाच्या आत उरकू लागली. पोट घोड्यांवर अवलंबून असलेल्या गाडीवानांना हे मानवणे शक्य नव्हते. वाटेत अडथळे आले, दगडफेक झाली. आम्हांस त्या गाडीवानांचा राग येत नाही. आमच्याकडेही पहिल्या सर्व्हिस मोटारी धावू लागल्या तेव्हा छकडेवाले व टांगेवाले यांच्या चुलीवर काय प्रसंग आला असेल, याचा विचार आम्ही आज किती करतो? असो. थोड्याच काळात त्या मार्गावर इतर मोटारवाले उतरले आणि भाडी खाली आली. ज्या मार्गावर कोणीही गाडी घालू शकतो त्या मार्गावर नफा फार काळ टिकत नाही, हा धडा नेर्न बंधूंना येथे मिळाला.

आता या प्रदेशाची त्या वेळची स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९१४ पूर्वी बैरूत, हैफा, दमास्कस, बगदाद ही सर्व नगरे तुर्की सुलतानाच्या एकाच राज्यात होती. दमास्कसचा व्यापारी बगदादेस निघाला तर त्याला भय होते ते लुटारूंचे आणि तहानेचे. परराज्याची सरहद्द त्याला लागत नसे. युद्धानंतर विजेत्यांनी त्या राज्याचे तुकडे पाडले. सीरिया व लेबानन फ्रेंचांच्या ताब्यात गेले, पॅलेस्टाईन इंग्रजांकडे आले, आणि इराकमध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली १९२१ साली फैजल हे राजे झाले. कालपर्यंत जेथे उघडे वाळवंट होते तेथे नकाशावर रेघा उमटल्या. रेघेमागून जकात आली, पारपत्र आले आणि दोन सरकारांचा परस्परांविषयीचा संशयही आला. नेर्न यांचा धंदा याच रेघांमुळे उभा राहिला व याच रेघांनी अखेरीस तो बुडविला, असे आम्हांस वाटते.

येथे आपल्या मुंबईचाही संबंध येतो. बगदाद शहर १९१७ च्या मार्चमध्ये ज्या फौजेने घेतले तिच्यात हिंदी शिपायांचाच भरणा मोठा होता. त्याआधी १९१६ साली कुत येथील वेढ्यात आमच्या मराठा पलटणींनी जे हाल सोसले, त्यांच्या आठवणी कोकणातील व देशावरील कित्येक घरांत पुढे अनेक वर्षे सांगितल्या जात. युद्ध सरल्यावरही इराकचा व्यवहार हिंदुस्थानाशी इतका जोडलेला राहिला की, १९३२ साली दिनार हे नवे चलन येईपर्यंत तेथे आपलाच रुपया चाले, आणि टपालाची तिकिटेदेखील आणे व रुपये यांतच छापली जात. लंडनहून बगदादेस निघालेले पत्र सुएझ कालव्यातून मुंबईस येई, मुंबईस दुसऱ्या बोटीत चढे, तेथून पुन्हा उलट दिशेने इराणच्या आखातातून बसऱ्यास जाई व मग कोठे बगदादेस पोहोचे. नकाशा समोर धरून हा द्राविडी प्राणायाम पाहावा! पत्र काही आठवड्यांनी हाती पडे. विमानाने १९२१ पासून कैरो व बगदाद यांच्यामध्ये काही टपाल जाऊ लागले होते. वैमानिकांना वाट सापडावी म्हणून वाळवंटात नांगराचा लांबच लांब तास ओढून ठेवला होता. परंतु ती सैनिकी विमाने लहान. त्यांत व्यापाऱ्याच्या मालास वा सामान्य उतारूस जागा मिळणे दुर्लभ.

बैरूत ते दमास्कस रस्ता होता. दमास्कसपासून बगदादपर्यंत सुमारे साडेपाचशे मैल मात्र काहीच नव्हते. उंटांचे तांडे कित्येक आठवडे घेत, आणि बहुधा उत्तरेकडून युफ्रेटिस नदीच्या काठाने वळसा घालून जात. कारण मधल्या सरळ वाटेवर पाणी नव्हते. मात्र त्या सरळ वाटेचा एक गुण उंटवाल्यांच्या उपयोगी नसला तरी मोटारवाल्याच्या उपयोगी होता. सीरियाचे वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर नव्हेत. त्याचा बराच भाग टणक, खडीसारख्या मातीचा व जवळजवळ सपाट आहे. कोरड्या हंगामात तेथे गाडी वेगाने धावू शकते. उंटाला जे पाणी पंधरा-वीस दिवसांसाठी लागते, ते मोटारीला एका-दोन दिवसांपुरते बरोबर घेतले म्हणजे पुरते.

ही गोष्ट प्रथम ज्याने व्यवहारात आणली तो इसम सभ्य समाजातला नव्हता असे म्हणता येईल. महंमद इब्न बस्साम हा टोळीवाल्यांत वजन असलेला व्यापारी सोन्याची चोरटी ने-आण करी, आणि त्या उद्योगात त्याने मोटारीचा उपयोग आरंभिला होता. वाट त्याला ठाऊक होती, आणि वाटेवरची माणसेही ठाऊक होती. दमास्कस येथील ब्रिटिश वकील पामर यांनी नेर्न यांच्यापुढे वाळवंटी मार्गाची कल्पना मांडली. एप्रिल १९२३ मध्ये ब्यूक, ओल्डस्मोबील व लान्सिया अशा मोटारींचा एक छोटा तांडा दमास्कसहून निघाला आणि तिसऱ्या दिवशी बगदादेस पोहोचला. नॉर्मन यांनी एवढ्यावर उड्या मारल्या नाहीत. आणखी अनेक फेऱ्या करून त्यांनी वाट पारखली, कोणती गाडी तग धरते ते पाहिले, आणि शेवटी कॅडिलॅक या भारी अमेरिकन मोटारीची निवड केली. स्वस्त गाडी घेऊन वाळवंटाच्या मध्यावर बंद पडण्यापेक्षा महाग गाडी घेऊन पोहोचलेले बरे, हा त्यांचा हिशेब होता. धंद्यात नव्याने उतरणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी येथे क्षणभर थांबावे.

ऑक्टोबर १९२३ मध्ये नियमित सेवा सुरू झाली. तिचा पाया होता टपालाचा ठेका. या एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो, कारण नेर्न यांच्या यशाचे मर्म आमच्या मते तिच्यातच आहे. उतारू हा लहरी असतो. उन्हाळ्यात तो येत नाही, गडबडीची बातमी ऐकली की तो बेत रहित करतो, आणि येतो तेव्हा बहुधा एकाच दिशेने येतो. परतीची गाडी रिकामी धावते. टपालाची थैली दोन्ही दिशांनी येते, ठरल्या वारी येते, जागा थोडी व्यापते आणि वजनाच्या मानाने भाडे चांगले देते. तिला पाणी लागत नाही, जेवण लागत नाही, आणि ती तक्रारही करीत नाही. टपालाच्या उत्पन्नावर गाडी निघण्याचा खर्च भागला की उतारूंकडून येणारे भाडे हा नफ्याचा भाग होतो. या वाटेने जाणाऱ्या पत्रांवर जादा आकार बसे, तरीही व्यापारी तो आनंदाने देत. कारण लंडनचे पत्र मुंबईच्या वळशाने येण्याऐवजी आता नऊ-दहा दिवसांत बगदादेस पोहोचू लागले होते. व्याजाच्या, हुंडीच्या आणि बाजारभावाच्या जगात वाचलेल्या दोन-तीन आठवड्यांची किंमत काय असते, हे पेढीवर बसलेल्या माणसास सांगावयास नको. नेर्न यांची कंपनी गाडीतील आसन विकत होती असे दिसे; वस्तुतः ती दिवस विकत होती.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. अनझा व इतर बदाऊनी टोळ्यांच्या चराऊ मुलखातून ही वाट जाई. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या तांड्याकडून काही घेणे हा त्यांचा पिढीजात हक्क होता. नेर्न कंपनीने इब्न बस्साम याच्यामार्फत टोळ्यांना ठरीव रक्कम देऊन वाट सुरक्षित करून घेतली. चोरट्या व्यापाऱ्याशी व टोळीवाल्यांशी असा करार करणे योग्य होते काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आम्हांस त्यात गैर दिसत नाही. जुन्या काळी आमच्या घाटवाटांवरही राहदारी घेतली जाई, आणि ती घेणारा घाटाची राखण करी. ज्याच्या दारातून जायचे त्याला त्या जाण्यात लाभ दिसला पाहिजे. सरकारचा जकातदार एक दस्तुरी घेतो, टोळीचा शेख दुसरी घेतो. त्यांपैकी एक कागदावर आणि दुसरी कागदाबाहेर, एवढाच फरक. मात्र हा खर्च भाड्यात धरावा लागे, आणि जो मोटारवाला तो देत नसे त्याला स्वस्तात गाडी सोडता येई, ही अडचण होतीच.

प्रवास कसा होई ते सांगतो. दमास्कसहून निघालेल्या गाड्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात चालत. एखादी बंद पडली तर दुसरीने थांबावे हा दंडक. रस्ता म्हणजे आधीच्या चाकांच्या खुणा. पाऊस पडला की त्या पुसल्या जात, आणि जी सपाट मैदाने कोरडी असता काचेसारखी असत त्यांचाच असा चिखल होई की गाडी आसापर्यंत रुते आणि मदत येईपर्यंत उतारूंना तेथेच राहावे लागे. साधारण मध्यावर रुतबा येथे विहिरी होत्या. पुढे तेथे इराक सरकारने गढी बांधली. तटाच्या आत पोलीस, बिनतारी यंत्र आणि विश्रामगृह अशी सोय झाली, व विमानेही तेथे उतरू लागली. दिवसभर नुसते क्षितिज पाहून कंटाळलेल्या माणसाला अशा निर्जन स्थळी स्वच्छ टेबलावर गरम जेवण मिळावे, याचे अप्रूप त्या काळच्या प्रवाशांना फार वाटे. तेथून पुढे रमादीला युफ्रेटिस दिसे, फलुजा येथे होड्यांच्या पुलावरून ती ओलांडावी लागे, आणि मग बगदाद.

या उतारूंत अधिकारी, व्यापारी, धर्मोपदेशक, पुराणवस्तुसंशोधक असे नाना तऱ्हेचे लोक असत. प्रसिद्ध रहस्यकथा-लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी १९२८ साली एकट्याने हा प्रवास केला. सहा चाकांच्या मोटारीतून वाळवंटातील दोन दिवस काढल्यावर ती वाट त्यांच्या मनात इतकी रुतून बसली की पुढे त्यांनी आपली एक लघुकथा त्या वाळवंटी बसमध्येच घडविली. ज्या बसमधून एकटी स्त्री तीन राज्यकारभारांचा मुलूख निर्धास्तपणे ओलांडू शकते, त्या बसच्या चालकाची आणखी शिफारस करावयास नको.

परंतु सरहद्दीचा धंदा करणाऱ्यास आपल्या हाती नसलेल्या गोष्टींचा दंड भरावा लागतो. १९२५ साली सीरियात फ्रेंचांविरुद्ध द्रूझ लोकांनी उठाव केला व त्याचा वणवा दमास्कसपर्यंत पोहोचला. तांड्यांवर हल्ले होऊ लागले. टोळ्यांना दिलेली राहदारी येथे निरुपयोगी ठरली, कारण भांडण टोळ्यांचे नव्हते. नेर्न यांनी सेवा बंद न करता ती दक्षिणेकडे, जेरुसलेम व अम्मान या वाटेने वळविली. त्या बाजूस काळ्या ज्वालामुखी दगडांचा विस्तीर्ण पट्टा आहे. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच तो भाऊबंद, पण मातीचे आवरण नसलेला, उघडा आणि सुरीसारखा धारदार. टायर फाटत, कमानी तुटत. वाट लांबली, खर्च वाढला. परंतु ठेक्याप्रमाणे टपाल पोहोचविणे भाग होते. नफा खाऊन ठेका राखला, असे या काळाविषयी म्हणता येईल. आमच्या मते नॉर्मन यांच्या चरित्रातील हा सर्वांत कसोटीचा काळ. वाळवंट पहिल्यांदा ओलांडणे हे साहस होते, आणि साहसाची नशा माणसाला पुढे रेटते. दगडांच्या वाटेवर महिनोन्‌महिने तोट्यात गाड्या हाकणे हे निराळ्या जातीचे काम आहे.

याच सुमारास स्पर्धाही वाढली. मोकळ्या वाळवंटात रस्त्याची मालकी कोणाचीच नसते. नेर्न यांच्या चाकांच्या खुणा धरून स्थानिक चालक आपल्या गाड्या घालू लागले. ते भाडे कमी घेत, दाटीवाटीने माणसे भरीत, आणि सुटे भाग बरोबर बाळगण्याच्या भानगडीत पडत नसत. त्यांतली गाडी वेळेवर पोहोचली तर उतारूचे पैसे वाचत. न पोहोचली तर देवाची मर्जी. शिवाय फ्रेंच अधिकाऱ्यांचा पाठिंबा असलेली ईस्टर्न ट्रान्सपोर्ट ही एक मोठी कंपनी प्रतिस्पर्धी होती. १९२६ च्या सुमारास नेर्न यांनी तिच्याशी भांडण वाढविण्याऐवजी एकत्रीकरण केले व नेर्न ईस्टर्न ट्रान्सपोर्ट कंपनी अस्तित्वात आली. इंग्रजांच्या मुलखात इंग्रजी नाव आणि फ्रेंचांच्या मुलखात फ्रेंच ओळख, असा दुहेरी लाभ तिला झाला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस आपले माणूस असल्यावाचून हा धंदा चालत नाही, हे नॉर्मन यांना पटले असावे. आमच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराने शेजारच्या राज्यात बस घातली तेव्हा पलीकडे भागीदार न घेण्याचा हट्ट धरला होता. वर्षभराने त्या मार्गावरील पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरविली.

स्वस्त गाड्यांशी भाड्यात स्पर्धा करावयाची नाही, सोयीत करावयाची, हा नेर्न यांचा पुढील निश्चय. कॅडिलॅकच्या जागी सहा चाकांच्या मोठ्या बसेस आल्या. १९३० नंतर मार्मन-हेरिंग्टन कंपनीचे जबरदस्त ओढयंत्र व त्यामागे जोडलेला लांबलचक उतारू-डबा अशी रचना आली. आणि १९३७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने खास या मार्गासाठी तयार केलेले गंजरहित पोलादाचे डबे वाळवंटात धावू लागले. ही बड कंपनी चकचकीत पोलादी आगगाड्यांसाठी नावाजलेली होती. या डब्यांत थंड हवेची व्यवस्था होती, प्रसाधनगृह होते, खाण्यापिण्याची सोय होती. बाहेर उन्हाने माती भाजून निघत असता आत उतारू शांतपणे झोप घेत. हिंदुस्थानात त्या वेळी श्रीमंत उतारूसही आगगाडीच्या डब्यात बर्फाच्या लाद्यांवर उन्हाळा काढावा लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे महत्त्व कळेल. पूर्वी दोन दिवस घेणारा प्रवास आता एका दिवसाच्या आत आला. वातानुकूलित आराम-बस म्हणून ज्या गाड्या आज आमच्या महामार्गांवर रात्री धावतात, त्यांचे एक मूळपुरुष त्या वाळवंटात सापडेल.

एवढा पैसा ओतण्याचे धाडस त्यांनी कोणत्या बळावर केले? टपाल होतेच. शिवाय १९३२ ते १९३४ या काळात इराकमधील किरकूकच्या तेलखाणींपासून हैफा व ट्रिपोली या बंदरांपर्यंत तेलवाहिनी टाकण्याचे प्रचंड काम चालले, आणि त्यामुळे वाळवंटात माणसांची व मालाची ने-आण कितीतरी वाढली. सरहद्दीपलीकडच्या मार्गाला असा एखादा मोठा, कायमचा गिऱ्हाईक लाभला की सोयी करता येतात. नुसत्या सुट्या उतारूंच्या भरवशावर पोलादी डबे मागविणारा मालक दिवाळखोरीच्या वाटेला लागला असता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन राष्ट्रांमधील बससेवेचा विषय निघाला की आमच्याकडील उदाहरणे मनात येणारच. दिल्ली ते लाहोर ही बस १९९९ च्या फेब्रुवारीत केवढ्या समारंभाने सुरू झाली! डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यानंतर ती थांबली, २००३ साली पुन्हा निघाली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बंद पडली. त्या बसला उतारू मिळत नव्हते म्हणून ती थांबली नाही. फार कशाला, महाराष्ट्र व कर्नाटक ही एकाच राष्ट्राची दोन राज्ये. तरी सीमावादाचा भडका उडाला की कोल्हापूर-बेळगाव मार्गावरील एस.टी. गाड्या आगारात उभ्या राहतात आणि बाजारास, दवाखान्यास निघालेली माणसे फाट्यावर ताटकळतात. १९२५ साली दमास्कसच्या दाराशी नॉर्मन यांना जे भोगावे लागले, त्याचीच ही लहान आवृत्ती होय.

दुसरे महायुद्ध आले. १९४१ च्या मे महिन्यात बगदादमधील रशीद अली यांचे सरकार उलथविण्यासाठी इंग्रजांची एक फौज पॅलेस्टाईनमधून याच वाळवंटी वाटेने चालून गेली, आणि ज्या रुतबाच्या गढीत उतारूंनी जेवणे केली होती तिच्यावर तोफा-बंदुका चालल्या. दुसऱ्या बाजूने बसऱ्यास आधीच हिंदी फौज उतरली होती. पुढे युद्धकाळात कंपनीच्या गाड्यांना सैनिकी वाहतुकीचे काम मिळत राहिले.

तथापि कंपनीच्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकू लागली होती. १९४० साली बगदादपर्यंतचा लोहमार्ग उत्तरेकडून पुरा झाला, आणि इस्तंबूलहून आगगाडीने बगदादेस येणे शक्य झाले. विमाने मोठी झाली. टपाल, म्हणजे ज्याच्यावर सारी इमारत उभी होती तो खांब, हळूहळू आकाशात गेला. दिवस विकणाऱ्या दुकानासमोर तास विकणारे दुकान उघडले. वाट कळल्यामुळे व रस्ते सुधारल्यामुळे स्वस्त गाड्याही पूर्वीपेक्षा खात्रीने पोहोचू लागल्या. वरच्या वर्गाचा उतारू विमानाने गेला, खालच्या वर्गाचा साध्या बसने; मधल्या पोलादी डब्यांना पुरेसे गिऱ्हाईक उरेना.

त्यातच १९४८ साल उजाडले. पॅलेस्टाईनमध्ये इस्राएलचे राज्य स्थापन झाले, अरब राष्ट्रांशी युद्ध जुंपले आणि हैफा हे बंदर अरब मुलखाला कायमचे तुटले. ज्या हैफा-बैरूत रस्त्यावर नेर्न बंधूंनी आपली पहिली भाड्याची मोटार फिरविली होती, तो रस्ताच सरहद्दीवर संपला. किरकूकहून हैफास येणारे तेलही थांबले. आता उरलेल्या मार्गावर लेबानन, सीरिया व इराक ही तीन स्वतंत्र राष्ट्रे होती. पूर्वी इंग्रज व फ्रेंच या दोन धन्यांशी बोलणे केले की काम होई. आता प्रत्येक राजधानीत निराळे सरकार, निराळा नियम आणि दर एक-दोन वर्षांनी निराळा मंत्री. सीरियात एकट्या १९४९ साली तीनदा लष्करी सत्तांतर झाले. परवान्यावर सही करणारा अधिकारी पुढच्या महिन्यात खुर्चीवर असेल की नाही याची ज्याला खात्री नाही, त्या मालकाने नवी गाडी कशाच्या आधारावर मागवावी?

१९५० च्या सुमारास नॉर्मन यांनी धंद्यातून अंग काढून घेतले, आणि ज्या रीतीने काढून घेतले ती रीत नोंदविण्याजोगी आहे. त्यांनी कंपनी आपल्याच कामगारांच्या हवाली केली. या गाड्या चालविणारे व दुरुस्त करणारे लोक आता तिचे धनी झाले. यात उदारपणा किती व व्यवहार किती, याची वाटणी करण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. परदेशी मालकाला त्या काळात तेथे चांगले दिवस नव्हते, हे खरे. परंतु गाड्या मोडीत काढून पैसे गाठीला बांधून निघून जाणेही त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले नाही, हेही तितकेच खरे. एके काळी ज्यांच्या बांधवांनी हैफाच्या वाटेवर त्यांच्या मोटारीवर दगड फेकले होते, त्यांच्याच हाती त्या गाड्यांच्या किल्ल्या आल्या.

त्या कामगारांनी सेवा आणखी काही वर्षे रेटली. १९५६ च्या सुएझ-संकटाने तो सारा प्रदेश ढवळून निघाला, १९५८ साली बगदादमध्ये रक्तपात होऊन राजघराण्याचा अंत झाला, आणि शेजारी राष्ट्रांतील बेबनावामुळे सरहद्दीवरची ये-जा वरचेवर अडू लागली. १९५९ साली नेर्न कंपनीची गाडी कायमची थांबली. नॉर्मन नेर्न हे त्यानंतर नऊ वर्षांनी, १९६८ साली वारले. जेराल्ड यांना दीर्घायुष्य लाभले. त्यांचा अंत १९८० साली झाला. दमास्कस ते बगदाद या वाटेला त्या भागातील जुनी माणसे नेर्न यांच्याच नावाने ओळखीत. पुढे रुतबाजवळून डांबरी महामार्ग गेला. २०१४ साली ते गाव आयसिस या अतिरेकी संघटनेने व्यापिले व २०१६ च्या मे महिन्यात इराकी फौजेने परत घेतले. त्या दोन वर्षांत या महामार्गावरील नेहमीची वाहतूक जवळजवळ बंदच होती.